चोथा

मागच्या रविवारी सोलकढी केली. नारळ फोडला, खवला, मिक्सरला फिरवला, पंचाच्या फडक्यातून पिळला, परत पाणी घालून एकदा पिळला आणि मुठीत राहिलेला चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. अगदी सहज. हाताला सवयच झालीय आता. वळून बघते तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आणि तिची नजर त्या डब्यात. खाली कांद्याची सालं, चहाचा गाळ, आणि वर तो पांढराशुभ्र चोथा. मला वाटलं आता बोलेल. मी मनात उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, की अगं घरात तीन माणसं आपण, कोण खाणारे तो. पण ती काही बोललीच नाही. पदराला हात पुसले (हात ओले नव्हते), हॉलमध्ये गेली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. टीव्ही बंद होता.

ते न बोलणं आठवडाभर माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आई बोलते. म्हणजे बोलायची. नळ नीट बंद केला नाही म्हणून, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत न घालता टाकल्या म्हणून, दोडक्याच्या शिरा टाकल्या म्हणून, तेलाची पिशवी नीट न निपटता फेकली म्हणून. तेलाची पिशवी ती कात्रीने उभी कापायची, आडवी पसरायची आणि कणकेचा गोळा त्यावर असा फिरवायची की शेवटी त्या प्लास्टिकवर बोट फिरवलं तरी कोरडं लागायचं. "टाकायला अक्कल लागत नाही," हे तिचं वाक्य आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या भावाला पुण्यात, स्वतःच्या घरात, डब्यातलं शिळं काही टाकताना ते अजून ऐकू येतं म्हणे. लहानपणी मला या बोलण्याचा राग यायचा. आणि आता ती बोलली नाही तर मला झोप लागेना, हे काय आहे ते मलाच कळत नव्हतं.

बुधवारी रात्री माळ्यावरची तिची ट्रंक खाली काढली. आई लालबागची खोली सोडून माझ्याकडे आली तेव्हा जे काही आणलं त्यात ही ट्रंक होती, दीड वर्षात उघडलीच नव्हती. आत दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मफलर, पितळेचा एक तांब्या, रेशनकार्डाचं जुनं कव्हर, आणि तळाशी ती वही. लांबट, वाण्याकडे असते तसली, कडा कुरतडलेल्या. मी ती वही लहानपणी रोज बघायचे, पण हातात घेऊन वाचली कधीच नव्हती. आई रात्री जेवणं आटोपली की भिंतीला पाठ लावून बसायची, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायची आणि लिहायची, आणि तेवढा वेळ खोलीत कोणी मोठ्याने बोलायचं नाही. दादासुद्धा नाही. दादा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, सातवी फायनल झालेली आई त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेली, त्यामुळे पगार झाला की पाकीट तसंच्या तसं तिच्या हातात यायचं. ती ते जमिनीवर पसरून वाटे करायची. भाडं, रेशन, दूध, रॉकेल, भिशी, गावाला मनीऑर्डर. प्रत्येकाचा वेगळा डबा, चहा-साखरेचेच जुने डबे, आणि एका डब्यातले पैसे दुसऱ्यात गेले तर त्याचीसुद्धा वहीत नोंद.

जानेवारी १९८२ चं पान उघडलं. पहिले दोन आठवडे काय काय आहे त्यात! मटण आहे, नारळ तीन आहेत, माझ्या शाळेची रिबीन आहे, दादांचा तंबाखू आहे. मग १८ तारीख येते. त्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला, साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे मी मोठेपणी वाचलं. आईच्या वहीत त्या दिवशी फक्त मीठ, काड्यापेटी आणि "दूध निम्मं" एवढंच आहे. बाकी संप हा शब्द त्या वहीत कुठेच नाही. पण तो दिसतो. पानं उलटत गेलं की यादी आखूड होत जाते. मटण फेब्रुवारीत जातं. तंबाखू मार्चमध्ये जातो. नारळ आठवड्याला एक होतो, मग पंधरवड्याला एक, मग नाहीच. सगळे म्हणत होते महिना दोन महिने चालेल. मी नऊ वर्षांची होते, भोंगा वाजायचा बंद झाला म्हणजे काय याचा मला एवढाच अर्थ कळला होता की दादा दिवसभर घरी असतात आणि मोठ्याने हसायचं नाही. संप कोणी मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो तसाच विरून गेला, आणि गिरण्या पण.

नारळ गेला तेव्हा सोलकढीची फुटी कढी झाली. कोकणातल्या लोकांना सांगायला नको. नारळाचं दूध नाही, नुसतं आमसुलाचं आगळ, पाणी, मीठ, चिमूटभर हिंग, ठेचलेली मिरची, असली तर कोथिंबीर. आई वाढताना म्हणायची, पोटाला हीच चांगली. आणि मला खरंच ती आवडायची, गडद लाल, घशाला झोंबणारी, भाताच्या डोंगरात मध्ये खड्डा करून ओतली की भात गुलाबी व्हायचा. रेशनच्या त्या जाड तांदळाला एक पोत्याचा वास असायचा, त्या कढीने तो झाकला जायचा. आमसुलं गावाहून यायची. राजापूरकडची लाल एसटी रात्रभर प्रवास करून यायची, तेव्हा कोकण रेल्वे कुठे होती, आणि गावचा कोणी ना कोणी माणूस टपावर गाठोडं टाकून आणायचा. त्यात तांदूळ, कुळीथ, आमसुलं, राखेत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, आजीने बांधून दिलेली सुकटीची पुडी. ती पुडी उघडली की वास दोन खोल्या पलीकडे जायचा आणि सगळ्यांना कळायचं आज यांच्याकडे गाठोडं आलंय.

आणि इथे त्या वहीत मला ते दिसलं जे आधी कधी माहीतच नव्हतं. गाठोड्यातली प्रत्येक गोष्ट आईने लिहिलेली आहे. "तांदूळ – गावचे – ०." "कुळीथ – गावचे – ०." पैशाच्या रकान्यात नीट गोल, सावकाश काढलेलं शून्य. मग पुढे, "अळू – घरचं – ०." हे अळू म्हणजे चाळीच्या सामाईक नळाजवळ जिथे पाणी साचायचं तिथे तिने दोन कंद पुरले होते, त्याला कधी मुद्दाम पाणी घालावं लागलं नाही, अख्ख्या मजल्याची भांडी धुतलेलं पाणी त्यालाच. "ओव्याची पानं – डब्यातली – ०." गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेले डालड्याचे डबे, तळाला खिळ्याने भोकं पाडलेली, त्यात ओवा, तुळस, गवती चहा, एक लवंगी मिरची. त्या मिरचीला तांदळाचं धुवण. मिरच्या सात आल्या तर सात लिहिल्यात. ज्याला एक पैसा लागला नाही ते कशाला लिहायचं? मी वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. फुकट आलेलं सुद्धा तिच्या हिशोबात आलेलंच होतं. कोणीतरी पिकवलं होतं, कोणीतरी वाहून आणलं होतं, तिने स्वतः खिळा ठोकून भोक पाडलं होतं.

जुलैच्या एका पानावर "नारळ १ – गावचा – ०" असं आहे. तो नारळ मला आठवतो! पाऊस धो धो, गॅलरीत पाणी, आणि गावच्या एका काकांनी छत्रीच्या आत धरून आणलेला तो एक नारळ. आईने तो लगेच फोडला नाही, दोन दिवस देवासमोर होता. मग फोडला, पाणी आम्हा दोघा भावंडांना अर्धं अर्धं, विळीवर खवला, पाट्यावर वाटला. पहिल्या दुधाची सोलकढी, कित्येक महिन्यांनी खरी गुलाबी सोलकढी. दुसरं दूध आठळ्यांच्या आमटीत. तिसरं दूध म्हणजे जवळजवळ पाणीच, ते पेजेत. आणि मग चोथा. चोथा भाजायला मंद आंच लागते आणि बराच वेळ लागतो, आणि रॉकेल तर मोजून. म्हणून तिने काय केलं, भाकऱ्या झाल्या की स्टोव्ह बंद करायची आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर चोथा पसरायची. तवा निवेपर्यंत उलथन्याने हलवत राहायची. पहिल्या दिवशी तो नुसता कोरडा झाला. दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांनंतर परत, तेव्हा कडेने बदामी रंग आला. तिसऱ्या दिवशी लसूण आणि दोन सुक्या मिरच्या सोबत टाकल्या, आणि तो वास! ओल्या भिंतींच्या, न वाळलेल्या कपड्यांच्या त्या खोलीत तो खरपूस वास असा भरला की दादा, जे हल्ली जेवताना मान वर करत नसत, ते म्हणाले, "काय गो करतंस?" मग पाट्यावर मीठ आणि एक आमसूल घालून ती भरड वाटली. आठ दिवस पुरली. नाचणीच्या भाकरीवर ती चटणी आणि पामतेलाचे चार थेंब. रेशनचं पामतेल थंडीत गोठायचं, पावसात नाही, त्यामुळे ते थेंब छान पसरायचे.

हे सगळं लिहिताना मला भीती वाटते की मी ते दिवस गोड करून सांगतेय. तसं नाही. त्या वहीत सगळं आहे, पण आईचं जेवण कुठेच नाही. ती शेवटी बसायची. टोपाच्या कडेला लागलेला भात पळीने खरवडून, त्यात आमटीचं पातेलं विसळून घेतलेलं पाणी, हे तिचं ताट. आम्ही विचारलं तर म्हणायची मला खरवडच आवडते, आणि आम्हाला ते खरं वाटायचं. घरखर्चात जे वाचलं त्यातलं बरंचसं तिच्या पोटातून वाचलं होतं. बाजूच्या मावशींची खाणावळ होती, अन्नपूर्णा महिला मंडळातून कर्ज काढून त्यांनी ती वाढवली होती, आई संपाच्या आधी त्यांना पोळ्या लाटून द्यायची. पण संपात खाणावळीतले गडी गावाला निघून गेले, तर पोळ्या कोणासाठी लाटायच्या. ते पैसे पण गेले. मग पितळेचा मोठा हंडा गेला. तो विकला त्या दिवशीची नोंद आहे, रक्कम आहे, आणि समोर वस्तूच्या जागी काहीच लिहिलेलं नाही. तेवढी एकच ओळ अर्धी आहे अख्ख्या वहीत.

काटकसरीवर हल्ली लोक फार प्रेमाने बोलतात, मी पण बोलते, पण स्वतःहून केलेली काटकसर आणि दुसरा रस्ताच नाही म्हणून केलेली काटकसर यांचा तवा एकच असला तरी भाकरी वेगळी असते. माझी पहिल्या प्रकारची आहे. डोंबिवलीत दोन बेडरूमचं घर, हप्ता चालू, नवऱ्याची बदली नागपूरला, मुलगी कॉलेजात. तीनेक वर्षांपूर्वी एका महिन्याचे मोबाईलवरचे सगळे खर्च काढून बघितले तर नुसतं बाहेरून मागवलेलं जेवण ४,२०० रुपये, आणि त्यातलं एकही जेवण मला आठवत नव्हतं. पैसे हातातून जाताना दिसतच नाहीत आता, फोन टुंग करतो आणि गेले. तेव्हापासून मी परत घरी जास्त करायला लागले, बाल्कनीत कुंड्या लावल्या. मायाळूचा वेल ग्रिलवर चढलाय, भज्यांना आणि डाळीत पुरतो. कडीपत्ता, मिरची, अळू. कोथिंबीर मात्र माझ्याकडे येईचना. आई इथे राहायला आली त्या आठवड्यात तिने माझी कुंडी बघितली, धण्यांची मूठ घेतली, पाटावर ठेवून लाटण्याने हलकी दाबली, प्रत्येक धण्याचे दोन भाग झाले, रात्रभर भिजवले आणि पेरले. दहाव्या दिवशी हिरवी रेघ. "अख्खा धणा पेरतात होय," एवढंच म्हणाली होती. तेव्हा बोलत होती.

मग कधी बंद झाली?

मी मागे मागे जात राहिले आणि एका रविवारच्या भाजीबाजारापाशी येऊन थांबले. स्टेशनजवळच्या गर्दीत आई मेथीची जुडी हातात घेऊन भाजीवालीशी भाव करत होती. वीसची जुडी, आईचं म्हणणं दोन पस्तीसला. भांडण नव्हतं ते, दोघीही त्यात रमल्या होत्या, भाजीवाली सुद्धा "आज्जी, परवडत नाही हो" म्हणत हसत होती. आणि मी, मला घाई होती, मी मध्येच फोन काढून स्कॅन केलं, चाळीस रुपये पाठवले आणि म्हणाले, "आई, पाच रुपयांसाठी काय गं. चल." आई चालायला लागली. पिशवी तिने माझ्याकडे दिली. त्यानंतर ती बाजारात आली नाही, गुडघा दुखतो म्हणाली, मला ते खरं वाटलं. जसं खरवड आवडते हे खरं वाटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती बाल्कनीत बसून मायाळूची पानं खुडत होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी चोथा टाकला तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"कसला चोथा?" मग दोन पानं खुडून झाल्यावर, "तुझं घर हाय. तू मिळवतंस, तू टाकतंस. मी कोण बोलणार."

रागाने नाही म्हणाली. मायाळूची पानं वाटीत दाबून बसवत म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी तिला इथे आणलं तेव्हा सांगितलं होतं की तू आयुष्यभर केलंस, आता आराम कर, हिशोबाची काळजी सोड. मला वाटलं होतं मी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. जिच्या पेन्सिलीच्या आवाजाला अख्खी खोली गप्प बसायची तिला मी लेकीच्या घरची पाहुणी करून ठेवलं होतं, रोज ताजं वाढलेलं ताट समोर ठेवून.

रात्री एटीएममधून पैसे काढले, खालच्या वाण्याकडून सुट्टे केले. साडेचार हजार. भाजी, नारळ, दूध, अंडी, महिन्याचे. स्टीलच्या डब्यात घालून तिच्यासमोर ठेवले आणि म्हटलं हे आता तू बघ, मला जमत नाहीये. जमत नाहीये हे खरंच होतं. तिने डब्याकडे बघितलं, हात लावला नाही.

"आणि पुरले नाय तर?"

"तर माग माझ्याकडे."

"मागणार नाय," ती म्हणाली. मग नोटा बाहेर काढून मोजल्या, दोनदा. वाटे केले. दुधाचे वेगळे, आणि ते ठेवायला मला दुसरा डबा दे म्हणाली. वही आणू का विचारलं तर मुलीच्या बारावीच्या केमिस्ट्रीच्या वहीतली मागची कोरी पानं तिने आधीच हेरून ठेवलेली होती, रद्दीच्या गठ्ठ्यातून वर काढून बाजूला. कधी काढली होती कोण जाणे.

आज परत रविवार. सकाळी ती माझ्याबरोबर बाजारात आली, गुडघ्याला पट्टा बांधून, सावकाश. मी फोन पर्समध्येच ठेवला. नारळ तिने चार वाजवून बघितले, कानाशी हलवले, पाचवा घेतला, पंचेचाळीसला सांगितलेला चाळीसला. घरी येऊन मी खवला, फिरवला, पिळला, तिसऱ्यांदा पण पिळला, आणि चोथा वाटीत काढून ओट्यावर ठेवला. पोळ्या झाल्या, शेवटची पोळी उतरवली, आणि मी वाटीतला चोथा तव्यावर पसरला. हॉलमधून पावलांचा आवाज आला. ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली, खांद्यावरून वाकून बघितलं.

"गॅस बंद कर आधी," आई म्हणाली, "तवा तापलेला हाय तेवढा पुरे. काय जळवत बसलंस उगाच. आणि ते उलथनं दे हिकडे."